काचेमागच्या तीन टाक्या

अन्याय झाला तो माझ्या मावसबहिणीवर. मार्गशीर्षातल्या तिसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, संगमनेरच्या बाहेर नाशिक-पुणे रस्त्यावरच्या एका पबच्या पार्किंगमध्ये. अन्याय करणारे दोघं होते. एक त्या पबचा मालक, दुसरी मी.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण पहिलं पत्रक पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात देताना मी मोबाईलवर घड्याळ पाहिलं होतं. आमच्या संघटनेत तशी शिस्तच आहे. वाटायला सुरुवात केली की वेळ टिपून ठेवायची. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही तिथं नव्हताच, तर तोंडावर फेकायला काहीतरी हवं. ही शिस्त मला एका निवृत्त शिक्षकांनी लावली. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो. कुणावर अन्याय झाला आणि कधी, हे पहिल्या ओळीत आलं पाहिजे, असंही त्यांचंच शिकवणं. लोक उभ्याउभ्या वाचतात, त्यांना तुमची प्रस्तावना नको असते.

मी ग्राहकांच्या फसवणुकीवर काम करते. दूध संकलन केंद्रावर फॅट कमी दाखवणारं मशीन, पेट्रोल पंपावरचं माप, खताच्या गोणीवर एक छापलेलं आणि आत दुसरंच भरलेलं, असली भांडणं मी सहा वर्षं करतेय. आणि मी बिअर पिते. घरी हे माहीत नव्हतं, आता झालं.

मावसबहीण माझ्याहून दीड वर्षाने मोठी. मी तिला ताई म्हणते. दोघींचीही गावं पारनेर तालुक्यात. सुट्टीत ती आमच्याकडे राहायला यायची. तिने केलेली भाकरी टम्म फुगली की माझी आई शेजारणींना सांगायची, "हिचा हात बघा." माझा हात बघा असं कुणी कधी म्हणालं नाही. माझं तोंड बघा म्हणायचे.

पुढे दोघी संगमनेरला एकाच कॉलेजात शिकलो. ती मायक्रोबायोलॉजीला, मी राज्यशास्त्राला. तिच्या प्रॅक्टिकलच्या वहीवर प्राध्यापक शेरे लिहायचे, माझ्या भाषणांवर प्राचार्य नोटिसा काढायचे. नंतर ती पुण्याला एका पबच्या छोट्या ब्रुअरीत कामाला लागली. टाक्या धुण्यापासून सुरुवात केली आणि तीन वर्षांत बिअर बनवायला शिकली. संगमनेरला हा नवा पब निघाला तेव्हा मालकाने तिला ब्रुअर म्हणून बोलावून घेतलं. नातेवाइकांत सांगितलं गेलं की पोरगी ताकदीच्या पावडरीच्या कंपनीत लागली.

इथपर्यंत मला चाललं असतं. पण मग तिने बाजरी आमच्या गच्चीवर आणली.

तिला बाजरीची बिअर करायची होती. बिअरला मोड आलेलं धान्य लागतं. पुण्यात सगळे सातूचं तयार माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, वापरतात, बाजरीचं कुणी करून देत नाही. म्हणून तिने पारनेरची बाजरी घेतली आणि ती भिजवून मोड आणायचं काम माझ्या आईला दिलं. स्वतःच्या आईला नाही, माझ्या आईला. का, तर मावशीला मोड बरोबर कळतात. आई दिवसभर गच्चीवर. ओली पोती अंथरायची, बाजरी पसरायची, दर दोन-तीन तासांनी हाताने खालीवर करायची, पाणी शिंपडायचं. मोड पुरेसे आले की ऊन दाखवायचं आणि वाळल्यावर चोळून, सुपात पाखडून मुळ्या काढायच्या. मी खाली बसून दुधाच्या फॅटवर पत्रक लिहीत असायचे आणि वरून हाक यायची, "जरा पानी मार गं त्याच्यावर, मी पडते थोडी."

एकदा मी विचारलं, "आई, हे कशासाठी चाललंय, ठाऊक आहे का तुला?"

"हाय की. बियर करत्यात त्याची."

"मावशीला तर तू पावडर सांगितलंस."

"तुझ्या मावशीला पावडर सांगितली. मला काय येडी समजते व्हय तू?" आणि मूठभर बाजरी माझ्या नाकाखाली धरून म्हणाली, "बघ, कसं एकसारखं मोड आल्यात. पोरीनं सांगितलं तेवढंच पानी मारलं मी."

एक दिवस पोती कमी पडली म्हणून तिने माझी उरलेली पत्रकं खाली अंथरली. तेवढ्यात ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिने बघितलं आणि म्हणाली, "मावशी, छापील कागद नको खाली. शाई उतरती." आईने माझी पत्रकं गोळा करून कोपऱ्यात ठेवली. सहा वर्षांत आईने माझं एक पत्रक वाचलेलं नव्हतं. निदान बाजरीखाली तरी ती कामाला आली असती, तीही नाकारली गेली. कुणाला हे हसण्यासारखं वाटेल. मी त्या रात्री जेवले नाही.

पब सुरू झाल्यावर महिन्याभराने मी गेले. काचेची भिंत, तिच्यामागे ओळीने स्टीलच्या तीन उंच टाक्या, त्यांच्यावर निळे दिवे. भिंतीवर फळ्यासारख्या काळ्या पाटीवर खडूने लिहिलं होतं, आजची ताजी क्राफ्ट : बाजरी, गहू, काळी. ताई काचेमागून बाहेर आली ती गमबूट घालून, केस टोपीत, दंडापर्यंत ओली. आणि कॉलेजची पोरं तिच्याशेजारी उभी राहून फोटो काढत होती. ओल्या बाईबरोबर, गमबूट घातलेल्या. मी इस्त्रीचा कुर्ता घालून गेले होते.

टेबलावर ग्लास ठेवायला आलेला वेटर जामखेडकडचा, माझ्या वडिलांच्या वयाला पाच-सात वर्षं कमी. मी त्याला विचारलं, "काका, क्राफ्ट म्हणजे काय हो?"

"क्राफ्ट म्हंजे बगा, जिचा ग्लास उंच आस्तोय ती," तो म्हणाला. मग ताईकडे बघून, "आता खरं ह्यास्नी इचारा. आमी आपलं ग्लासावरनं वळखतो."

ताई माझ्यासमोर बसली. "मोठ्या कारखान्यात बनत नाही ती, इथल्या इथं बनती," ती म्हणाली. "थोडी बनती. कोण बनवतं ते माहीत असतं. जमली तर माझी, फसली तर माझी. बाकी सगळं मेनूकार्डवाल्यांचं."

मी बाजरीची घेतली. पहिल्या घोटाला तव्यावरून भाकरी काढताना येतो तो वास आला, आणि मागून थोडा कडूपणा. मला ती आवडली. आवडली म्हणून राग आला. खोटं कशाला लिहू. वाईट असती तर मी त्याच वेळी तिच्या गळ्यात पडून म्हणाले असते, होईल गं पुढच्या वेळी चांगली.

त्यानंतर एका स्थानिक पेपरात तिचा फोटो आला. माझ्या वडिलांनी, जे वारकरी नाहीत पण थेंबाला शिवत नाहीत, त्यांनी तो कापून शोकेसच्या काचेत लावला. मला दूध केंद्राच्या आंदोलनात पोलिसांनी गाडीत घातलं, तेव्हाही पेपरात फोटो आला होता. तो कुणी कापला नव्हता. त्यावर मेथी निवडली होती.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. दूध केंद्राच्या एका तक्रारीची सुनावणी होती म्हणून मी संगमनेरला गेले होते. सुनावणी पुढे ढकलली. दुपारची मोकळी होते, तर पबकडे गेले. गुरुवार म्हणून पब ओस होता. मागच्या बाजूला टेम्पो लागला होता आणि दोन माणसं स्टीलची बॅरलं उतरवत होती. बॅरलांच्या तोंडावर एका मोठ्या कारखान्याचं सील होतं. ज्या कारखान्याची बाटली कुठल्याही हायवेच्या दुकानात मिळते, तो.

मी आत गेले. काचेचं दार धुण्यासाठी उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

दूध केंद्रांवर हिंडून मला एक विद्या आलेली आहे. टाकी भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून वाजवून कळतं. बोटाचं पेर वाकवून खालपासून वरपर्यंत वाजवत जायचं. भरलेली टाकी मुकी असते. रिकामी वाजते. केंद्रवाले सांगतात आजचं दूध आत आहे, आणि आम्ही दोन टिचक्या मारून त्यांना गप्प करतो.

मी पहिली टाकी वाजवली. ठण्ण. दुसरी. तिसरी. तिन्ही वाजल्या. हात लावून पाहिला तर स्टील कोमट, बाहेरच्या हवेइतकं. वर निळे दिवे चालूच होते. आणि पाटीवर खडूने लिहिलेलं तसंच : आजची ताजी क्राफ्ट, बाजरी, गहू, काळी.

मी जामखेडच्या काकांना विचारलं, "ताई कुठाय?"

"पुन्याला गेल्यात. दोन दिस झालं."

"आणि ही बाजरी कुठून येतेय मग?"

त्यांनी काउंटरवरच्या बिअरच्या नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मालकास्नी इचारा की," म्हणाले आणि टेबल पुसायला लागले. ते टेबल आधीच पुसलेलं होतं.

मला जे झालं ते लिहिते. मला आनंद झाला. पोटातून, उकळी फुटल्यासारखा. म्हणजे ही ताई, जिचा हात बघा, जिच्यासाठी माझी आई उन्हात करपते, जिचा फोटो शोकेसमध्ये, ती नुसती काचेमागे गमबूट घालून उभी राहते आणि बिअर येते टेम्पोतून. हातात मोबाईल होता, फोटो काढून झाले होते. तिचा नंबर वरच्या चारात होता. एक फोन लावला असता तर दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. मी लावला नाही. तिच्याकडे उत्तर असेल याची मला भीती वाटली.

एसटीत बसूनच पत्रक लिहिलं. मथळा : क्राफ्ट नव्हे, कारखाना. खाली सगळं खरं होतं. टेम्पोचा फोटो, सीलचा फोटो, पाटीचा फोटो. तिन्ही टाक्या रिकाम्या आहेत, आम्ही वाजवून पाहिल्या आहेत. आणि मग एक वाक्य : ब्रुअर म्हणून जिच्यासोबत तुम्ही फोटो काढता, ती इथे बिअर बनवतच नाही.

छापण्याआधी सरांना दाखवायचं असतं. सरांनी चष्मा कपाळावर नेऊन कागद डोळ्यांजवळ धरला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "समोरच्या बाजूला विचारलंस?"

"हो," मी म्हणाले.

सहा वर्षांत सरांशी मी बोललेलं हे पहिलं खोटं. त्यांनी खाली सही केली.

शनिवारी पार्किंगमध्ये गर्दी होती. लोणीकडची, अकोले तालुक्यातली पोरं, पुण्याहून नाशिकला चाललेली कुटुंबं. मी आणि संघटनेतली आणखी एक मैत्रीण वाटत होतो. लोक वाचत होते. खरंच वाचत होते. दूध फॅटची पत्रकं लोक खिशात कोंबतात, हे पत्रक दोघं-तिघं मिळून वाचत होते. एकाने काचेतून आत बोट दाखवलं. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा, आणि तुम्ही मागच्या वेळी वास घेऊन घेऊन सांगत होतात." तो म्हणाला, "मी गव्हाची घेतली होती." ती म्हणाली, "ती पण टेम्पोतलीच."

मग मालक आला. चाळिशीचा, पांढरा शर्ट, आवाज खाली. मी तयारीत होते. मालक लोक कसे ओरडतात, कागद हिसकतात, हे मला पाठ आहे. याने तसं काही केलं नाही. त्याने एक पत्रक मागून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. दोनदा. मग घडी घातली आणि लोकांकडे वळला.

"यांनी लिहिलंय ते बरोबर आहे," तो म्हणाला. "मला पण आत्ताच कळतंय. माझीसुद्धा फसवणूकच झाली म्हणायची." आणि आत बघून हाक मारली, "मॅडम, जरा बाहेर या."

ताई बाहेर आली. मला वाटलं होतं ती अजून पुण्यात आहे. सकाळीच परतली होती आणि पाइप धूत होती. गमबूट, ओले हात, कपाळावर साबणाचा फेस.

"तिन्ही टाक्या रिकाम्या आहेत का?" मालकाने विचारलं.

"तुम्हाला माहितीय की."

"लोकांना सांगा. आहेत की नाहीत?"

"आहेत," ती म्हणाली.

"संपलं मग," तो लोकांना म्हणाला. "ब्रुअर म्हणून यांना ठेवलं होतं. आजपासून त्या इथं नाहीत. आपण सगळ्यांनी आत यावं, आज पहिला ग्लास माझ्याकडून."

आणि लोक आत गेले. हे मी कुठल्याही सभेत सांगितलं तरी कुणी मानणार नाही. हातात माझं पत्रक, त्यावर टेम्पोचा फोटो, आणि त्याच टेम्पोतली बिअर प्यायला लोक आत गेले. जाताना एका पोराने माझ्याबरोबर फोटो काढला. "ताई, भारी उघडं पाडलंत," म्हणाला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबरोबर फोटो काढत होतं, आणि मी हसले. तो फोटो कुठेतरी असेल.

ताईने ओले हात कपड्यांना पुसून पत्रक घेतलं. उभ्याउभ्या वाचलं.

"टाक्या रिकाम्या, हे खरं हाय," ती म्हणाली. "खालचं वाक्य तुला कुणी सांगितलं?"

मी उरलेली पत्रकं पिशवीत भरायला लागले.

"कुणी न्हाई ना सांगितलं?"

ती फार चिडली की घरचं बोलते. एरवी तिचं बोलणं कॉलेजचं असतं. तिने आत जाऊन पाण्याचा नळ बंद केला, बूट काढून चपला घातल्या आणि स्कूटी काढून गेली.

जामखेडचे काका मागच्या दाराशी उभे होते. ते माझ्याकडे आले ते आवाज दाबून बोलत.

"तुमी त्यांच्या भैन ना? तुमाला म्हाईत न्हवतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"मंगळवारी त्यांनीच सोडली की सगळी. तिन्ही टाक्या. वास येतोय म्हनल्या, लोन्याचा. आठ दिस रोज वास घेत हुत्या, जाईना. मालक म्हनले, ईकू, कुनाला कळतंय. ह्या म्हनल्या, मला कळतंय. मालक म्हनले, संगमनेरात लोन्याचा वास कुनाला नकोय, दुधाचं गाव हाय. आमी हासलो. ह्या न्हाई हासल्या. गेल्या आन् खालचा कॉक उघडला. गटारीला फेस आल्ता पार रस्त्यापस्तोर."

"आणि बॅरलं?"

"त्या नवं यीस्ट आनायला पुन्याला गेल्या, की हिकडं मालकानं टेम्पो बोलावला. पाटी पुसू का इचारलं मी. नको म्हनले."

एवढं सांगून काका आत गेले. आत फुकटचे ग्लास द्यायचे होते.

रविवारी सकाळी मी ताईच्या खोलीवर गेले. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही, पण दार लावलंही नाही. पुस्तकं खोक्यात भरत होती. मी सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "बस तिथं." मग फ्रिजमधून छोटी बाटली काढली. ओतून देण्याआधी तिने प्रत्येक टाकीतली एक-एक बाटली ठेवली होती. तपासायला, पुढच्या वेळी कळावं म्हणून. तिने थोडी कपात ओतली आणि माझ्यासमोर धरली.

"वास घे."

मी घेतला. मला भाकरीचा वास आला. छान होता.

"लोण्याचा येतोय?"

"नाही."

"परत घे. कप हातात धर, जरा कोमट होऊ दे."

मी पाच मिनिटं कप धरून बसले. मग आला. अगदी मागून, शिळ्या लोण्याचा, डबा उघडल्यावर येतो तसा. आला की मग दुसरं काही येईना.

"हे कशानं होतं?"

"कुठूनतरी जंतू शिरला. पाइपातून असंल. आधी बाजरीच्या टाकीत आला, मग बाकीच्यांत. ठेवली असती तर अजून आंबट झाली असती."

"पण कुणालाच कळलं नसतं, ताई. मलासुद्धा आत्ता कळलं, तू सांगितल्यावर."

"तुला कळत नाही, मालकाला कळत नाही, पिणाऱ्याला कळत नाही. म्हणून तर मला ठेवलं होतं," ती म्हणाली. कप बेसिनमध्ये ओतला आणि धुतला. "तू मला फोन का नाही केलास?"

मी म्हणाले, "तुझ्याकडे उत्तर असतं म्हणून."

तिने पुस्तकांचं एक खोकं भरून त्याला दोरी बांधली. मग म्हणाली, "तुला लहानपणापासून असंच होतं माझ्याबद्दल. मला वाटायचं, तू माझ्यावर चिडती म्हणजे मी काहीतरी बरं करती." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं की खरंच, मला अजून उमगलेलं नाही.

मी सरांकडे गेले आणि खोटं कबूल केलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. दुरुस्तीचं पत्रक काढ, एवढंच म्हणाले. मी काढलं आणि त्याच पार्किंगमध्ये वाटलं. कुणी वाचलं नाही. फसवणूक लोक वाचतात, दुरुस्ती वाचत नाहीत. मालकाला भेटले, म्हणाले, जाहीर सांगा की टाक्या तिने का रिकाम्या केल्या. तो हसला. "तुमचं पहिलं पत्रक फार उपयोगी पडलं आम्हाला," म्हणाला. "लोक येऊन विचारतात, आता तरी खरी क्राफ्ट आहे ना. मी हो म्हणतो. त्यांना कुणीतरी हो म्हणायला हवं असतं."

पाटीवर आता लिहिलंय, पारनेरच्या बाजरीची खास क्राफ्ट. बाजरी आणणारं कुणी नाही, बिअर बनवणारं कुणी नाही. आमच्या गच्चीवरचा शेवटचा वाळलेला घाणा आईने दळून आंबिलीला लावला. मालकाला भेटून निघता निघता मी सवयीने टाकीला टिचकी मारली होती. टाकी मुकी होती. दुसरी मुकी, तिसरीही. काकांना खुणेने विचारलं. ते म्हणाले, "पानी भरलंय. तुमच्या कागदात व्हतं ना, वाजवून बघितल्या म्हनून."

ताई सध्या घरी आहे. पुण्यात दोन पबवाल्यांना विचारलं, दोघांनीही माझं पत्रक मोबाईलवर पाहिलेलं होतं. टाक्या रिकाम्या होत्या त्या तुम्हीच का, असं एकाने विचारलं. ती हो म्हणाली, कारण रिकाम्या होत्याच. तिसऱ्याकडे ती जायला तयार नाही. तिच्या नावाने आता काही छापायचं नाही, असंही तिने मला बजावलंय. म्हणून हे बिननावाचं.

मला तिचा हेवा वाटणं गेलेलं नाही. उलट वाढलंय, फक्त जागा बदललीय. फोटोचा नाही वाटत आता, आईचाही नाही. तिने तीन आठवड्यांचं स्वतःचं काम, जे कुणालाही खपलं असतं, एका वासासाठी गटारीत सोडलं, आणि मालक समोर उभा असताना सोडलं. माझ्याजवळ पाचशे पत्रकं होती आणि त्यातलं एक वाक्य नासकं आहे हे मला छापताना ठाऊक होतं. मी एकही फाडलं नाही. सगळी वाटली. तिच्या जागी मी असते तर मी ती बिअर विकली असती. हे लिहिताना माझे कान तापतात.

क्राफ्ट बिअर म्हणजे काय, हे मला आता पक्कं कळलंय आणि ते कुठल्याही मेनूकार्डावर नाही. काचेमागची टाकी म्हणजे क्राफ्ट नाही. निळे दिवे, खडूची पाटी, उंच ग्लास, गावाकडच्या धान्याचं नाव, यातलं काहीही नाही. छोट्या टाकीतही नासकी विकता येते. क्राफ्ट म्हणजे त्या इमारतीत एक माणूस असा असणं, ज्याला ती ओतून द्यायचा हक्क आहे, आणि मालक तो हक्क काढून घेऊ शकत नाही. तो माणूस नसेल तर तुम्ही पिताय ती बिअर असेल, चांगलीही असेल. पण तो शब्द तिथं चोरीचा आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही जे हे वाचताय आणि शनिवारी कुठल्यातरी पबमध्ये बसणार आहात. टाकी वाजवू नका, ती विद्या मी बुडवली. पाटीवर क्राफ्ट दिसलं की ग्लास उचलण्याआधी मालकाला बोलवा आणि दोनच प्रश्न विचारा. ही बनवणारं माणूस कोण, त्याला समोर आणा. आणि त्या माणसाला, मालकाच्या देखत : तुम्ही शेवटची टाकी कधी आणि कशासाठी ओतून दिलीत? उत्तर आलं नाही, किंवा माणूसच आला नाही, तर त्याच टेबलावर बसून राहा, ऑर्डर देऊ नका, आणि तुमच्या डोळ्यांसमोर पाटीवरचा तो शब्द पुसायला लावा.